आखाड्यावरची एक रात्र : जलाशयाकाठी सहकुटुंब मुक्काम करू इच्छिणाऱ्यांसाठी

मार्गशीर्षातील अमावास्या जवळ आली, म्हणजे लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतील जी कुटुंबे चरितार्थासाठी पुण्यास, मुंबईस किंवा हैदराबादेस जाऊन राहिली आहेत, त्यांना येळवसेची ओढ लागते. कडब्याच्या कोपीत पाच पांडव मांडून, शेताला नैवेद्य दाखवून, भज्जी, उंडे आणि आंबील यांनी तृप्त होऊन संध्याकाळी गावात परतावे, हा आपला पिढ्यांचा परिपाठ आहे. परंतु अलीकडे अनेकांच्या मनात असे येऊ लागले आहे की, शेत जलाशयाच्या काठी असेल तर त्या दिवशी परतूच नये आणि जेथे महावितरणाची तार पोचलेली नाही अशा आखाड्यावर, म्हणजे शेतातील वस्तीवर, मुलाबाळांसह एक रात्र काढावी. ही इच्छा मला मनापासून आवडते. कारण ज्या मुलांनी अंधार म्हणजे काय हे कधी पाहिलेलेच नाही, त्यांना तो आपल्याच मातीत, आपल्या माणसांच्या सोबतीने पाहावयास मिळतो.

मात्र या इच्छेपाठोपाठ तेच ते प्रश्न दरवर्षी विचारले जातात. काठावर राहण्यास कोणाची परवानगी लागते, तळ्याचे पाणी उकळून प्यावे काय, सापाकिरडाचे कसे करावे, आणि रात्री कोणी आजारी पडल्यास काय? या सर्वांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. दिव्याविना रात्र सुखाची जावयाची असेल तर तिची सगळी तजवीज सूर्य मावळण्यापूर्वी झालेली असली पाहिजे. अंधार पडल्यावर सुचलेली सोय बहुधा सोय राहत नाही. पुढील सूचना त्याच दृष्टीने वाचाव्यात.

जागा कोणाची, हे आधी पाहा

मन्याड नदीवरील लिंबोटी आणि बारूळ, गोदावरीवरील विष्णुपुरी, उदगीरकडील तिरू आणि देवर्जन, शिवाय घरणी, रेणा किंवा धनेगावचा मांजरा, यांपैकी कोणत्याही जलाशयाच्या काठी उभे राहिले असता डोळ्यांना एकच सलग जमीन दिसते. महसुली दप्तरात मात्र ती एक नसते. पाण्यालगतचा पट्टा हे संपादित बुडीत क्षेत्र असून तो सरकारचा आहे. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या त्या पट्ट्यात जी गाळपेर होते, ती पाटबंधारे खात्याकडून पट्ट्याने घेतलेली असते. तिच्या वरच्या अंगाला खातेदारांचे सातबाऱ्यावरील शेत लागते, आणि आखाडा साधारणतः तेथे असतो. म्हणून आपल्यापुढे जे पर्याय आहेत, त्यांचे स्वरूप असे :

- स्वतःचा किंवा आप्तांचा आखाडा. मालकाची संमती पुरते. कोणत्याही कचेरीचा परवाना लागत नाही. माझ्या मते लहान मुले असलेल्या कुटुंबाने पहिल्या खेपेस हाच पर्याय घ्यावा, कारण तेथे वस्तीची सवय असलेले सालगड्याचे कुटुंब असते आणि त्यांच्या अनुभवाची बरोबरी कोणतेही साधन करू शकत नाही.
- कृषी पर्यटन केंद्र. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० सालचे आहे आणि त्यानुसार अशा केंद्रांची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी नोंदणीचा दाखला मागावा. तो मागण्यात संकोच मुळीच नसावा.
- खात्याचे विश्रामगृह. आरक्षण संबंधित विभागाच्या कचेरीतून लेखी करून घ्यावे. चौकीदाराच्या तोंडी होकारावर कुटुंब घेऊन जाऊ नये.
- बुडीत क्षेत्रात स्वतःचा तंबू. पाटबंधारे खात्याच्या शाखा कचेरीत विचारल्यावाचून तो लावू नये. धरणाच्या भिंतीवर, दरवाजांच्या आणि सांडव्याच्या आसपास थांबणे तर सर्वस्वी टाळावे. उभ्या गाळपेरीत तंबूची एक मेखही ठोकू नये. ते कोणाचे तरी वर्षाचे पीक असते.

किनवट-माहूरकडे जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, पैनगंगा अभयारण्याच्या हद्दीत शिरण्यास आणि राहण्यास वनखात्याची परवानगी आवश्यक आहे आणि तेथे विस्तव पेटविण्यास मनाई आहे. मासेमारीचा हक्कही बहुतेक जलाशयांत मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्याने दिलेला असतो. हौस म्हणून जाळे टाकण्यापेक्षा सकाळी काठावर येणाऱ्या भोयांकडून मासळी विकत घ्यावी.

ऋतू आणि छप्पर

मार्गशीर्षापासून माघापर्यंतचा काळ सर्वांत बरा. आकाश निरभ्र असते, साप कमी फिरतात, आणि चक्रवाकांच्या जोड्या काठावर उतरलेल्या दिसतात. फाल्गुनापासून पुढे अवकाळी वादळाचे आणि विजेचे भय असते. त्या दिवसांत जाणे झालेच, तर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप भ्रमणध्वनीत घेऊन ठेवावे. गडगडाट ऐकू येताच पाण्यापासून आणि एकट्या झाडापासून दूर होऊन पक्क्या घरात, ते नसल्यास बंद मोटारीत बसावे. पावसाळ्यात मात्र काठावर मुक्काम नकोच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यातील हसनाळसारख्या गावांत रात्रीतून पाणी शिरले, तेव्हा गाव ओळखीचे असूनही माणसांना अंधारात वाट सापडली नाही. दरवाजे असलेल्या प्रकल्पाच्या खालच्या अंगाला, म्हणजे नदीपात्राच्या बाजूला, तर कोणत्याच ऋतूत रात्र काढू नये.

झोपण्याची खोली निवडताना किल्लारीच्या भूकंपाचा विसर पडू देऊ नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जी हजारो माणसे गेली, त्यांतील बहुसंख्य मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि माळवदाच्या भाराखाली गाडली गेली. जुना, भेगा पडलेला, माळवदाचा आखाडा थंडीत उबदार वाटतो खरा. परंतु मुलांची अंथरुणे त्यात घालण्यापेक्षा पत्र्याच्या किंवा कुडाच्या हलक्या निवाऱ्यात घालावीत. पत्र्याचेही एक लक्षात असू द्यावे. पत्रे उडू नयेत म्हणून आपल्याकडे त्यांवर मोठाले दगड ठेवण्याची चाल आहे, आणि वावटळीत पत्र्यासकट तो दगड झोपलेल्या माणसावर येतो. पत्रे आकड्यांनी आवळलेले आहेत की नुसत्या दगडांवर भिस्त आहे, हे उजेड असतानाच वर पाहून घ्यावे. दगड असल्यास त्याखालची जागा सामानाला द्यावी.

दिवस असताना उरकावयाची कामे

दुपारी चारच्या आत पोचावे. पोचल्याबरोबर सालगड्याला किंवा शेजारच्या आखाड्यावरील जाणत्या माणसाला सोबत घेऊन, मुलांसह सगळी हद्द एकदा चालून यावी. या फेरीत काय पाहावयाचे ते सांगतो.

प्रथम विजेच्या तारा. आखाड्यावर दिवा नसला तरी काठावर वीज असते, ही गोष्ट शहरातून येणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. शेतकऱ्यांच्या पाणबुडी मोटारींच्या केबली शेतातून थेट पाण्यात उतरलेल्या असतात, सांधे चिकटपट्टीने गुंडाळलेले असतात, आणि कृषिपंपांचा वीजपुरवठा अनेकदा रात्रपाळीचा असल्यामुळे मोटारीला स्वयंचलित बटण लावून ठेवलेले असते. वीज येताच ती आपोआप सुरू होते. दिवसा निर्जीव वाटलेली तीच केबल मध्यरात्री जिवंत होते. म्हणून केबल जेथे पाण्यात शिरते, त्या जागेच्या आसपास कोणीही, कोणत्याही वेळी पाण्यात पाय घालू नये. दुसरे कुंपण. रानडुकरांच्या उपद्रवामुळे कुंपणाला झटका मशीन जोडलेले असते. काही ठिकाणी तर बेकायदेशीरपणे सरळ प्रवाह सोडलेला असतो आणि त्यापायी माणसे दगावतात. बांधापलीकडच्या शेजाऱ्यास स्पष्ट विचारावे, ‘दादा, तारेत करंट आहे का?’ यात कोणाला राग येत नाही.

मग वर झाडे पाहावीत. वड, पिंपळ किंवा उंबर यांवर आग्या मोहोळ असेल, तर धूर त्याच्याकडे जाईल अशा जागी चूल पेटवू नये. धुराने खवळलेल्या माशा पोराबाळांना सोडत नाहीत.

शेवटी आपली मोटारगाडी. हा धडा मी स्वतः शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी येळवसेच्या रात्री आम्ही मन्याडकाठच्या नातलगांच्या आखाड्यावर राहिलो होतो. मोटार पाणंदीतून थेट खोपीपर्यंत नेली, याचेच आम्हाला भूषण वाटले. रात्री नऊला हलकी सर आली, जेमतेम अंगण भिजण्याइतकी. अकराच्या सुमारास धाकट्या मुलाच्या पोटात असह्य कळा येऊ लागल्या. मोटार सुरू केली, तर चाके जागच्या जागी फिरत काळ्या मातीत रुतत गेली. चिखलाचा लगदा चाकांवर एवढा चढला की चाक आणि पत्रा यांच्यात बोट शिरेना. अखेर सालगडी रामराममामांनी मुलाला खांद्यावर घेतले, मी पुढे विजेरी धरली, आणि दीड कोस चालून आम्ही फाट्यावर आलो. मूल दुसऱ्या दिवशी हसतखेळत होते. परंतु तेव्हापासून माझा नियम ठरला आहे, आणि तो मी आपणांसही आग्रहाने सांगतो : आभाळ कितीही स्वच्छ असो, मोटार डांबरी रस्त्यावरच, तोंड रस्त्याकडे करून उभी करावी, आणि तेथून आखाड्यापर्यंतचे अंतर एकदा पायी चालून पाहावे.

पाणी : पिण्याचे आणि खेळण्याचे

पिण्याचे पाणी घरून न्यावे. माणशी निदान चार लिटर, स्वयंपाकाचे निराळे. जलाशयाचे पाणी उकळून प्यावे काय, या प्रश्नाचे उत्तर असे की, उकळल्याने जंतू मरतात, परंतु काठावर फवारणीचे पंप धुतले जातात आणि त्या औषधाचा अंश उकळून जात नाही. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी वापरण्याची वेळ आलीच, तर ते खळखळून उकळावे किंवा मेडिक्लोर टाकून अर्धा तास ठेवावे.

हेच जलाशय खालच्या गावांचे आणि शहरांचे पिण्याचे पाणी आहेत. मांजरा आटल्यावर २०१६ च्या एप्रिलपासून मिरजेहून रेल्वेने ज्या लातूरला पाणी आणावे लागले, त्या लातूरच्या माणसाला हे सांगण्याची आवश्यकता नसावी. भांडी आणि कपडे पाण्यात धुऊ नयेत. बादलीने पाणी वर आणून, सांडपाणी शेतात सोडावे. शौचासाठी पाण्यापासून निदान दोनशे पावलांवर खड्डा खणावा, वर माती लोटावी आणि स्त्रियांसाठी तेथे दिवसाच कनात बांधून ठेवावी. तसे केले नाही, तर घरातील स्त्रिया संध्याकाळपासून पाणी पिणेच टाळतात आणि आजारी पडतात, हे मी अनेक कुटुंबांत पाहिले आहे.

आता पाण्यात उतरण्याविषयी. नदीच्या घाटावर पोहावयास शिकलेला माणूसही जलाशयात फसतो, याची कारणे दोन आहेत. काठाचा गाळ वरून वाळलेला दिसतो, परंतु त्याच्या पापुद्र्याखाली गुडघाभर राड असते. शिवाय शेतात टाकण्यासाठी उन्हाळ्यात यंत्रांनी जो गाळ उपसून नेतात, त्याचे खोल खड्डे पावसाळ्यानंतर पाण्याखाली झाकले जातात. कमरेइतक्या पाण्यातून एक पाऊल पुढे टाकले की पायाखालचा तळच नाहीसा होतो.

- मुलांना घोट्यापलीकडे पाण्यात जाऊ देऊ नये, आणि एका मोठ्या माणसाने दुसरे कोणतेही काम न करता केवळ त्यांच्याकडे पाहत बसावे.
- मच्छीमारांचा थर्माकोलचा तराफा किंवा गुळाची काहील ही त्यांच्या हातची साधने आहेत. ‘एक चक्कर’ म्हणूनही त्यांत बसू नये. होडीत बसावयाचे तर प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट हवे, आणि सूर्यास्तानंतर होडी नाही.
- तेलाचा पाच लिटरचा रिकामा, बूच घट्ट लावलेला कॅन दोरीला बांधून काठावर ठेवावा. कोणी बुडू लागल्यास त्याच्याकडे तो कॅन, काठी किंवा साडी फेकावी. मागोमाग उडी घेणारा बहुधा दुसरा बळी ठरतो.
- बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगण्यात किंवा पोट दाबण्यात वेळ दवडू नये. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्यावा, छातीच्या मध्यभागी जोराने आणि सलग दाब द्यावा, आणि त्याच क्षणी दुसऱ्याने १०८ ला दूरध्वनी करावा.

चूल, शेकोटी आणि उजेड

तुराट्या आणि पऱ्हाट्या भडकन पेटतात आणि त्यांच्या ठिणग्या उडतात. म्हणून ठिणग्या कडब्याच्या गंजीकडे वाहून जाणार नाहीत अशा बाजूस आणि गंजीपासून पुष्कळ अंतरावर चूल असावी, शेजारी पाण्याच्या दोन बादल्या भरलेल्या असाव्यात. बरोबर धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ असे टिकाऊ जिन्नस नेले म्हणजे रात्री चूल फुंकण्याचे कारणच उरत नाही. उरलेली आंबील सकाळी मुलांना देऊ नये.

हिवाळ्यात पहाटे काठावर चांगलीच थंडी पडते. ती सोसवत नाही म्हणून निखाऱ्याची शेगडी खोलीत घेऊन दार लावून घेणे, ही माझ्या दृष्टीने या मुक्कामातील सर्वांत घातक चूक आहे. त्या निखाऱ्यांतून जो वायू निघतो त्याला वास नसतो, तो दिसत नाही, आणि झोपलेली माणसे झोपेतच जातात. जास्तीची गोधडी आणि कानटोपी न्यावी, शेगडी बाहेरच विझवावी.

उजेडासाठी प्रत्येक मोठ्या माणसाकडे एक विजेरी आणि खोलीत एक सौरकंदील पुरतो. मेणबत्ती कोपीत नकोच. कंदील अंथरुणापासून दूर टांगावा. उजेडाला किडे येतात, किड्यांमागे बेडूक येतात आणि बेडकांमागे साप येतो.

निजणे, साप आणि विंचू

जमिनीवर निजू नये. मण्यार रात्री हिंडते, भुईवर झोपलेल्यांना चावते आणि तिचा दंश इतका बारीक असतो की माणूस जागाही होत नाही. खाटेवर निजावे, मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचाव्यात. ही साधी मच्छरदाणी डासांपेक्षाही सापासाठी अधिक उपयोगी आहे. रात्री उठणाऱ्याने आधी विजेरी लावावी, मग पाय खाली टाकावा.

पहाटे कोणाचे पोट दुखू लागले, पापण्या जड होऊन मिटू लागल्या, बोलणे अडखळू लागले, तर दंशाची खूण दिसो वा न दिसो, मण्यारीचा संशय धरून रुग्णालयाकडे निघावे. दंश झालेला अवयव हलवू नये, रोग्याला चालवू नये. चिरणे, चोखणे, आवळून बांधणे, मांत्रिकाकडे नेणे यांपैकी काहीही करू नये. सर्पविषावरील प्रतिविष सरकारी रुग्णालयात विनामूल्य मिळते, आणि तो आपला हक्क आहे. प्रकृती गंभीर असल्यास नांदेडकरांना विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, आणि लातूरकरांना विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था ही मोठी ठिकाणे आहेत.

तांबड्या विंचवाचा दंश मुलांच्या हृदयावर परिणाम करतो. घाम, उलट्या आणि हातपाय गार पडणे ही त्याची लक्षणे. आपल्याच मराठवाड्यात, जालना जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावसकर यांनी महाडला राहून या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध केला, आणि त्यामुळे पूर्वी दगावली असती अशी अनेक मुले आता वाचतात. मात्र ते औषध वेळेवर आणि डॉक्टरांच्याच हातून मिळाले पाहिजे.

मदत मागावयाची झाल्यास

रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलीस व अन्य तातडीसाठी ११२, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७. पोचताच भ्रमणध्वनीला रेंज कोठे मिळते ती जागा हुडकून तेथे काठी रोवावी. ‘तळ्याजवळचा आखाडा’ एवढ्या पत्त्यावर रुग्णवाहिका येऊ शकत नाही. म्हणून गाव, तालुका, गट क्रमांक, मालकाचे नाव आणि डांबरी रस्त्यावरील फाटा एका कागदावर ठळक लिहून तो दारालगत टांगावा. दूरध्वनी करताना तो कागद वाचावा, आणि एका माणसाने विजेरी घेऊन फाट्यावर जाऊन उभे राहावे.

पैसे देऊन राहत असाल तर

पैसे घेतले, म्हणजे ती सेवा झाली, आणि तीत उणीव राहिल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ लागू होतो. पाणी, स्वच्छतागृह, खाटा, जीवरक्षक जाकिटे आणि रद्द केल्यास परत मिळणारी रक्कम यांचा तपशील आधी लेखी मागावा. भ्रमणध्वनीवरील संदेशही पुरावा म्हणून चालतो. पावती घेतल्याशिवाय निघू नये. कबूल केलेली सोय नसेल तर तिथल्या तिथे छायाचित्रे घ्यावीत आणि मालकास कळवावे. तेवढ्याने न भागल्यास १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर, किंवा नांदेड वा लातूर येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगापुढे दोन वर्षांच्या आत तक्रार नेता येते. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि वकील दिलाच पाहिजे असे नाही.

सकाळी निघताना

बूट आणि चपला पालथ्या करून आपटल्याशिवाय घालू नयेत. रात्रभर ओस पडलेला मुलाचा बूट विंचवाला फार आवडतो. चुलीत पाणी ओतून, राख हाताने चाचपून ती थंड झाल्याची खात्री करावी. प्लॅस्टिकच्या पिशव्या गुरांच्या पोटात जातात, म्हणून त्या मोजून परत आणाव्यात. उरलेले पाण्याचे कॅन, विजेरीचे सेल, मेडिक्लोरची बाटली सालगड्याच्या घरी ठेवून यावी. त्या रात्री बहुधा त्यांच्याच खाटा आपण घेतलेल्या असतात, आणि ती माणसे भुईवर निजलेली असतात. म्हणून पुढच्या खेपेस येताना दोन मच्छरदाण्या जास्तीच्या आणाव्यात आणि येण्यापूर्वी खाटा किती आहेत ते सालगड्याला दूरध्वनीवर विचारून घ्यावे.